फरशीवरचे कण

प्रिय शिंक्या,

'प्रिय' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राला काहीतरी सुरुवात लागते, आणि 'अप्रिय' लिहिलं असतं तर वन्सं पहिल्याच ओळीला वाचायच्या थांबल्या असत्या. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केलीय आणि आलेलं टपाल तुझी बहीण तुला वाचून दाखवते, हे मला वन्संनीच फोनवर सांगितलं. तेव्हा वन्सं, नमस्कार. हे सगळं तुम्ही मोठ्यानं वाचा. अगदी लागट वाक्यंसुद्धा गिळू नका. त्याचे कान शाबूत आहेत, ऐकायची सवय तेवढी कधी लागली नाही. जिथं मी तुम्हाला उद्देशून लिहीन तेवढं मनात वाचा.

भूशास्त्राच्या गेल्या संमेलनात तू जे केलंस त्यावर मी मूग गिळून बसेन असं तुला वाटलं असेल, तर इतकी वर्षं माझ्याबरोबर एका छताखाली राहून तू काहीच शिकला नाहीस. मी मागच्या रांगेत बसले होते. तू पुढे, मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीत, पाय पसरून. आपली कणी व्यासपीठावर उभी राहिली. तिनं ज्वालामुखीच्या राखेचा तो पांढरट थर पडद्यावर दाखवला, ज्याच्या वयावर तुझी सगळी कीर्ती उभी आहे. तुझा आकडा एक्कावन्न कोटी सत्तर लाख वर्षं. तिचा आला साडेबावन्न कोटी. ऐंशी लाख वर्षांचा फरक. तिनं तुझं काम आदरानं सांगितलं, फरक का येत असेल ते अजून नीट कळलेलं नाही असंही कबूल केलं, आणि तुझ्याकडे बघून किंचित हसली. मला ते हसू ओळखू आलं. शाळेतून चित्रं काढून आणली की ती तुझ्याकडे असंच बघायची.

मग तू उठलास. माइक मागून घेतलास. म्हणालास की या बाईंनी राखेत मिसळलेले जुन्या खडकांतले पाहुणे कण मोजलेत आणि त्यांनाच घरचे समजून बसल्या आहेत. पहिल्या वर्षाचं पोरही अशी चूक करत नाही. आणि वर हेही, की या बाई ज्या प्रयोगशाळेत, म्हणजे माझ्याच, शिकल्या तिथं चिकाटी भरपूर आहे, नजर मात्र नाही. लोक हसले. 'या बाई'! जिच्या बुटांच्या नाड्या तू रोज सकाळी बांधायचास, ती तुझ्यासाठी 'या बाई'? मला काय म्हणायचं ते खुशाल म्हण, माझी कातडी तुझ्या कृपेनं जाड झालीय. पण भरसभेत स्वतःच्या लेकीचा पाणउतारा करताना तुझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आता वन्संकडून कळतंय की तेव्हा तुला पडद्यावरचे आकडेही धड दिसत नव्हते. न दिसणाऱ्या आकड्यांना चूक ठरवायला छाती लागते. ती तुझ्याकडे पहिल्यापासून आहे.

त्या एका वाक्याचं पुढं काय झालं ते तुझ्यापर्यंत पोचलंय की नाही कोण जाणे. कणीची नोकरी अजून कायम झालेली नाही. त्या संमेलनानंतरच्याच आठवड्यात ती व्हायची होती. निवड समितीत सगळे तुझे जुने दोस्त, तुझ्या शब्दाला मान देणारे. त्यांनी निर्णय पुढं ढकलला. कारण काय, तर त्या थराच्या वयाचा वाद मिटेपर्यंत थांबू. पुढच्या महिन्याच्या अखेरीस ते पुन्हा बसणार आहेत. तोवर वाद मिटला नाही तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी येईल. पोरीनं तिचे चिमटे पुसून डब्यात ठेवलेत आणि शाळेत विज्ञान शिकवायचा अर्ज आणलाय. शाळेत शिकवणं वाईट नाही. पण तिला ते करायचं नाहीये, आणि तिला तिकडं ढकलणारा तिचा बाप आहे, हे वाईट आहे. घरी आल्यापासून तिनं तुला एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. मी ठेवली, तिच्या वाटणीचीसुद्धा.

आता मुद्द्यावर येते. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, पण वन्संना नाही, आणि वाचणाऱ्याला कळलं नाही तर ऐकणाऱ्याला पळवाट सापडते. तेव्हा वन्सं, ऐका. आम्ही दोघांनी जन्मभर ज्याच्यापायी डोळे फोडले तो झिरकॉन म्हणजे मिठाच्या दाण्याहून बारीक स्फटिक. ज्वालामुखीच्या पोटातल्या रसात तो तयार होतो. तयार होताना थोडं युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र थारा देत नाही. पुढं कोट्यवधी वर्षं त्या युरेनियमचं हळूहळू शिसं होत राहतं. आज आत शिसं किती आणि युरेनियम किती उरलंय ते मोजलं की कण केव्हा जन्मला ते कळतं. इतकं सरळ आहे. म्हणजे, असतं तर बरं झालं असतं.

घोळ असा की युरेनियमचा एकेक अणू फुटताना आतल्या आत दणका देतो. शेजारचे अणू जागचे हलतात. एका दणक्यानं काही होत नाही, पण कोट्यवधी वर्षं दणके बसत राहिले की आतली नीट बांधलेली जाळी ढासळते. कण फुगतो, तडकतो, रंगानं तपकिरी, गढूळ होतो. ज्यात युरेनियम जास्त, त्याची पडझड जास्त. अशा कणात बाहेरचं पाणी शिरतं आणि साठलेलं शिसं हळूहळू निसटून जातं. शिसं कमी भरलं की कण आपल्या खऱ्या वयापेक्षा लहान दिसतो. म्हणून पूर्वीपासून आम्ही स्वच्छ, पाणीदार कण निवडायचो आणि काळवंडलेले बाजूला काढायचो. नंतर त्याहून चांगली रीत आली. आधी कण भट्टीत दोन दिवस लालभडक तापवायचे. त्यानं बारीकसारीक पडझड सांधली जाते. मग ते जहाल ॲसिडमध्ये ठेवायचे. जो भाग फार ढासळलेला आहे तो ॲसिड खाऊन टाकतं, धडधाकट भाग तेवढा उरतो. त्याचं वय मोजायचं. यात एक गोम आहे. भट्टीनं कणाचा रंग उडतो. गढूळ दिसणारा कणही बाहेर येतो तो छान उजळ होऊन. पण निसटलेलं शिसं काही परत येत नाही. गळक्या टाकीला बाहेरून रंग दिला म्हणून वाहून गेलेलं पाणी परत येतं का, तसंच हे. म्हणून निवड भट्टीच्या आधी करायची, आणि भट्टीनंतर ॲसिड चुकवायचं नाही. वन्सं, एवढं लक्षात ठेवलंत तर तुमच्या भावाला तुम्हीच फैलावर घेऊ शकाल.

हे सगळं आपल्याला थोरल्या सरांनी शिकवलं. आपले गुरू म्हणून सांगत नाही, पण तसा माणूस मी परत पाहिला नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच कडक नियम होता. कुणाचं माप चुकलेलं सापडलं तर आधी त्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं. ज्यानं मोजून चूक पकडली त्यानंच लिहायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. उरलेले कण निम्मे करून त्याला पाठवायचे, म्हणजे त्याला स्वतः मोजून बघता येईल. मग जगाला सांगायचं. आणि आपल्या दोघांच्या नशिबी पहिलंच असं पत्र लिहायचं आलं ते खुद्द सरांना. आठवतं? त्यांनी मोठ्या अभिमानानं दिलेलं एका खडकाचं वय आपण परत मोजलं आणि ते चुकीचं निघालं. पत्र लिहिताना तू इतके कागद फाडलेस की शेवटी निम्मी अक्षरं मी गिरवली. ते पत्र आणि कणांची डबी त्यांच्या टेबलावर ठेवून आपण बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, फाशीची शिक्षा झाल्यासारखे. सरांनी दार लावून घेतलं. दुपार सगळी गेली तरी उघडेना. मग बाहेर आले, सगळ्यांसाठी चहा मागवला आणि म्हणाले की दुरुस्तीच्या शोधनिबंधावर सगळ्यात शेवटी माझं नाव घाला. आपण दोघं गोंधळून गेलो. तर म्हणतात कसे, चूक माझी आहे, ती दुरुस्त होताना मी हजर नको का?

तू जिन्यात जाऊन रडलास. मी तुला शोधत आले तर तू नाक पुसत म्हणालास की आयुष्यात असं वागता आलं पाहिजे. वन्सं, हे मनात वाचा. त्या जिन्यात मी तुमच्या भावाच्या प्रेमात पडले. त्याच्या अभ्यासाच्या नाही, रूपाच्या तर नाहीच. तुमच्या आईंना वाटायचं की मी त्याला नादी लावलं, तर खरी गोष्ट एवढीच होती की रडणारा माणूस मला खरा वाटला. यापुढचं मोठ्यानं.

तर तो माणूस, जो जिन्यात रडला होता, त्यानं स्वतःवर वेळ आल्यावर काय केलं ते आता ऐक. तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. त्या राखेचे कण मीच धुतले होते. गोण्यांनी राख आणायची, दळायची, पाण्यात खळाळायची, जड तेवढं खाली ठेवायचं, चुंबकानं लोखंडाचे कण काढायचे, हे सगळं माझ्या वाट्याला आलं, कारण तुला दम्याचा त्रास होता. होता म्हणजे राख दळायची असली की व्हायचा. इतकं करून चिमूटभर कण हाती आले. तुला परदेशी जायची घाई होती, मोठ्या परिषदेत तुला तो आकडा सांगायचा होता. त्या दिवशी नेमकी भट्टी मोकळी होती म्हणून तू सगळेच कण न निवडता आत ढकललेस. मी म्हटलं की आधी काळवंडलेले वेगळे काढूया. तू म्हणालास की नंतर निवडीन. नंतर! भट्टीतून बाहेर आल्यावर सगळे सारखेच उजळ. तू खूश झालास, म्हणालास की बघ, एकही गढूळ नाही. मला तेव्हाच तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. वाजवली असती तर आज इतकं लिहावं लागलं नसतं.

आणि मग ती शिंक. काचेची वाटी सूक्ष्मदर्शकाखाली, तू चिमट्यानं एकेक कण ओळीत लावत होतास, मी शेजारी, आणि कणी शाळेतून परस्पर तिथंच आलेली, उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली. तुला शिंक आली. तोंड वळवायचं सोडून तू थेट वाटीत शिंकलास. निम्म्याहून जास्त कण उडाले. मग कणी अशी काही हसली की स्टुलावरून पडता पडता वाचली, आणि तिनंच तुझं बारसं केलं. शिंक्या. पुढं सगळी प्रयोगशाळा तुला तेच म्हणायला लागली, थोरले सरसुद्धा. आपण तिघं फरशीवर गुडघे टेकून बसलो. तू बॅटरी आडवी धरलीस, कणी चमकणारा ठिपका दिसला की ओरडायची, मी ओल्या कुंचल्याच्या टोकानं उचलायची. त्या दिवशी आपण खूप हसलो. मला आवडत नाही हे मान्य करायला, पण आपल्या घरातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

फरशीवरून उचललेले कण तू वेगळ्या डबीत टाकलेस. म्हणालास की यात दुसऱ्या कुठल्या खडकाचा कण चुकून आला असेल, यांचा भरवसा नाही. ते बरोबर होतं, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण वाटीत उरलेले कण मोजके. ॲसिडमध्ये टाकले तर निम्मेशिम्मे विरघळून जातील आणि हातात काहीच राहणार नाही, या भीतीनं तू ॲसिड टाळलंस. मी सांगितलं, सर आजारी होते तरी त्यांच्याकडून निरोप आणला, परिषद पुढच्या वर्षीही असते असं त्यांनी कळवलं होतं. तू ऐकलं नाहीस. तसेच मोजलेस. बहुतेक कण एक्कावन्न कोटी सत्तर लाखांच्या आसपास आले आणि दोन कण साडेबावन्न कोटींचे. तू त्या दोघांना पाहुणे ठरवून बाहेर काढलंस. अरे, तेच दोघं घरचे होते! त्यांच्यातलं शिसं निसटलं नव्हतं. बाकीचे सगळे गळके होते, आणि त्यांचं बहुमत होतं म्हणून तू त्यांचं ऐकलंस. निबंधात लिहिलंस की केवळ निर्दोष, पारदर्शक कण वापरले. पारदर्शक ते भट्टीनं केले होते. शिंकेचा उल्लेख नाही, निवड कधी केली त्याचा नाही, माझा तर नाहीच.

त्या आकड्यावर तू मोठ्या संस्थेत गेलास. आम्हाला म्हणालास की बस्तान बसलं की तुम्हाला बोलावून घेतो. बस्तान बसलं, बोलावणं आलं नाही. मी वाट बघितली, मग भांडले, मग तेही सोडलं. कायद्यानं वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा तू इतक्या शांतपणे सह्या केल्यास की वकीलसुद्धा माझ्याकडे बघायला लागले. हे जुनं झालं. त्याच्यावर मी आता नुसती चिडू शकते, दुःख करायचं संपलंय. मी त्याच तळघरातल्या प्रयोगशाळेत राहिले. त्याच भट्टीचं दार अजून तिरकं लागतं, गुडघ्यानं ढकलावं लागतं. थोरले सर गेले. जाताना तुझी चौकशी केली. मी खोटं सांगितलं की तू रोज फोन करतोस.

कणीनं हाच विषय का घेतला माहीत आहे? तुला चूक ठरवायला नाही. तिला तुझा आकडा आणखी पक्का करायचा होता. ती स्वतः त्या डोंगरावर गेली, नवी राख आणली, आधी निवडली, मग तापवली, मग ॲसिडमध्ये ठेवली. पहिल्यांदा साडेबावन्न कोटी आले तेव्हा ती मला म्हणाली की आई, माझंच कुठंतरी चुकलंय. बाबाचा आकडा चुकेल कसा? तिनं नव्यानं सगळं केलं. ॲसिड बदललं, भांडी बदलली, दुसऱ्या प्रयोगशाळेत कण पाठवले. तेच आलं. ती पुन्हा सगळं करायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. चूक कुणाची हे कळलं नव्हतं म्हणून सरांच्या नियमाचं पत्र तिनं तेव्हा लिहिलं नाही, संमेलनात नुसता फरक मांडला. तुझ्यावर इतका विश्वास ठेवणारं दुसरं माणूस तुला या जन्मात भेटलेलं नाही, आणि तू तिला माइकवरून 'या बाई' म्हणालास.

संमेलनानंतर मी फरशीवरच्या कणांची ती डबी बाहेर काढली. कपाटाच्या वरच्या खणात होती, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली. कणी हात लावायला तयार नव्हती. म्हणाली की मी मोजलं तर बाबा म्हणेल आकडा जुळवून आणला. म्हणून मीच बसले. माझी नजर नाही म्हणालास ना, त्याच नजरेनं. भट्टी तू केलीच होतीस, मी फक्त तुझं राहिलेलं काम केलं. ॲसिडमध्ये ठेवले. काही कण पार विरघळून गेले, काहींचे अर्धेमुर्धे तुकडे उरले, खड्डे पडलेले, कुरतडल्यासारखे. दिसायला अगदी भिकार. ते मोजले. एक कण निघाला दीडशे कोटींच्याही पलीकडचा, तो खरंच फरशीवरचा परका, कुणाच्या तरी बुटाखालून आलेला. तेवढा एक शेरा तुझा बरोबर. बाकीचे सगळेच्या सगळे साडेबावन्न कोटींवर. कणीच्या आकड्यावर. तू हाकलून दिलेल्या त्या दोघांच्या आकड्यावर. यंत्रानं शेवटचा आकडा दाखवला तेव्हा मी आनंदानं ओरडायला हवं होतं. तुझं नाक कापलं गेलं म्हणून पेढे वाटायला हवे होते. पण मला आपण तिघं गुडघ्यांवर रांगताना दिसलो आणि मी यंत्र बंद करून खुर्चीत बसून राहिले. यावर तू काही बोलू नकोस. वन्सं, तुम्हीही नको.

तर हे पत्र मी तुझ्या प्रेमानं लिहिलेलं नाही आणि दया येऊन तर अजिबात नाही. मला तर थेट समितीपुढं जाऊन, तुझ्या सगळ्या दोस्तांसमोर, ती डबी आदळायची होती. कणीनं अडवलं. मोजलं मी, म्हणजे सरांच्या नियमानं लिहायचंही मीच, आणि तुला आधी कळल्याशिवाय ती आपला नवा निबंध कुणालाही दाखवणार नाही, समितीलासुद्धा नाही, मग नोकरी गेली तरी बेहत्तर, असं तिनं मला बजावलंय. निबंध तयार आहे. त्यावर तिचं नाव, मग माझं, आणि सगळ्यात शेवटी तुझं. मी ते खोडलं होतं. तिनं परत लिहिलं. मी परत खोडलं, चांगलं गिरगटून. तिनं नवा कागद घेतला, परत लिहिलं आणि शांतपणे म्हणाली की आई, चूक बाबाची आहे, ती दुरुस्त होताना तो हजर नको का? तिला ही गोष्ट झोपताना तूच सांगायचास. तेव्हा आता एका ओळीत कळव, नाव राहू दे की काढू. वन्सं लिहितील, खाली सही तू कर. स्वतः मोजायचं असेल तर उरलेल्या कणांतले निम्मे या पत्राबरोबरच्या डबीत आहेत. डोळा बरा होईपर्यंत थांब, सूक्ष्मदर्शकाखाली काळा कागद घे, खिडकी लावून घे, आणि डबी उघडताना कृपा करून शिंकू नकोस. या वेळी फरशीवर शोधायला आम्ही दोघी तिथं नाही.

तुझी मुळीच नसलेली, तिचीच

आई